डाव्या हाताची साक्ष

"अहो, खाली ठेवा तो पेला! उकळता आहे, फडकं घ्या की!" मोनिका ओट्यापासून ओरडली तेव्हा योहान उजागरे मोबाइलवर कंपनीची बस कुठवर आली ते बघत होता आणि डाव्या हातातला चहाचा पेला ओठांच्या निम्म्या वाटेवर होता. त्यानं पेल्याकडं पाहिलं. वाफ निघत होती. अंगठा चुरचुरत होता, ते त्याला आत्ता जाणवलं. पण ज्यांच्यावर पेल्याचं सगळं बूड टेकलं होतं ती दोन बोटं, पहिलं आणि मधलं, अगदी गप्प होती. गप्प म्हणजे कशी, तर शेजारच्या घरात भांडण चाललंय आणि आपल्या घरात फक्त भिंत आहे, तशी. पेला खाली ठेवल्यावर बोटांवर लालभडक वळ उमटलेले दिसले. मोनिकानं हात धरून नळाखाली नेला. पाणी अंगठ्याला गार लागलं, करंगळीला गार लागलं. त्या दोघांना पाणी लागलंच नाही, नुसतं वाहून गेलं. "दुखत नाही?" तिनं विचारलं. "कातडी जाड झालीय. दिवसभर गरम पार्ट हाताळतो आम्ही," तो म्हणाला आणि हसला. सुप्याच्या कारखान्यात तो मापं तपासायच्या खात्यात होता; तिथं पार्ट येतात ते गार होऊन, हे मोनिकाला ठाऊक नव्हतं. लग्नाला एकवीस वर्षं झाली, तिच्याशी इतकं सरळ खोटं तो पहिल्यांदाच बोलला असेल. आणि बोलून झाल्यावर त्याला जे वाटलं ते पाप केल्यासारखं नव्हतंच. कुणाची तरी अब्रू राखल्यासारखं वाटलं. कुणाची, हे त्यानं स्वतःला विचारलं नाही. सावेडीच्या नाक्यावर बस आली असेल म्हणून तो चहा न पिताच निघाला.

बसमध्ये तो आता मागं बसत नसे. पंचवीस दिवसांपूर्वी मागच्याच बाकावर तो आणि कारखान्यातला सोबती आसाराम बसले होते. पहिली पाळी सुटलेली, दुपारचं उतरतं ऊन, कामरगावच्या उताराला मेंढरांचा कळप आडवा आला म्हणून ड्रायव्हरनं वेग मोडला, आणि मागून आलेल्या कंटेनरला तो मोडता आला नाही. आवाज योहानला आठवत नव्हता. आठवत होतं ते एवढंच, की डोकं मागं गेलं, मग पुढं आलं, आणि समोरच्या दांड्यापासून चार बोटांवर थांबलं. शेजारी आसाराम पत्र्याखाली खांदा धरून "आये गं" करत होता. त्याला बाहेर काढायला योहाननंच हात लावला. ॲम्ब्युलन्सबरोबरच्या डॉक्टरनं विचारलं, "तुम्हाला कुठं लागलंय?" तर हा म्हणाला, "मला? छे. मला काही नाही." पंचनाम्याला पोलीस आले, त्यांनाही तेच सांगितलं. अंगावर रक्त होतं, पण ते आसारामचं होतं. रस्त्याकडेला उभं राहून त्यानं मेंढरांकडं पाहिलं. ती एवढं सगळं होऊनही बाभळीचा पाला ओढत होती. तेव्हा त्याच्या मनात एक प्रकारचा उजेड पडला, की आपण आहोत. हा विचार इतका मोठा होता, की मानेतून खांद्यापर्यंत एक बारीक कळ गेली तिच्याकडं बघायला त्याला सवडच झाली नाही.

आणि मग तो रविवार. मरिया आत्याचं कीर्तन होतं. मरिया उजागरे म्हणजे त्याच्या वडिलांची थोरली बहीण. चौऱ्याहत्तर वर्षांची, लग्न केलं नाही, शेवगावकडच्या खेड्यात राहते, आणि पन्नास वर्षं नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती मंडळ्यांतून कीर्तनं करत हिंडते. पांढरं लुगडं, हातात चिपळ्या, कपाळाला काही नाही, आवाज जात्यावर बसल्यासारखा खालून निघणारा. ती उभी राहिली की देवळातल्या बाकांची लाकडंसुद्धा सरळ बसतात, असं योहानला लहानपणी वाटायचं. तबला तिनंच शिकवला त्याला. मांडीवर घेऊन, त्याच्या हातांवर आपले हात ठेवून. ती सांगायची, "उजवा हात बोलतो रं, पर ऐकतो तो डावा. डग्गा म्हंजे ऐकणारं माणूस. समोरच्याचं बोलणं मनाला लागलं की कसा हुंकार निघतो? तसा घुमला पायजे." पूर्वरंगात ती एखादा प्रश्न मांडायची आणि सोडून द्यायची. देव राखतो, तर मग घाव का लागतात? असा. आणि उत्तर न देता पद धरायची. लोकांच्या छातीत तो प्रश्न तसाच लोंबकळत राहायचा, आणि योहान डग्ग्यावर मनगट सरकवून त्याला थोडासा झोका द्यायचा. आपलं काम एवढंच, पण त्या एवढ्याशा कामात असताना त्याला जगात आपली जागा नेमकी कुठं आहे ते कळत असे. कारखान्यात मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजतानाही तसं कधी कळलं नाही.

त्या रविवारी पूर्वरंगाच्या आधीच आत्या थांबली आणि म्हणाली, "मंडळी, आज देवानं आमच्या घरावर पांघरूण घातलं. योहाना, ऊठ. साक्ष दे." मंडळीत साक्ष देणं म्हणजे काय हे ज्यानं दिली आहे त्यालाच कळतं. माणूस तबल्यामागून उठतो, चार पावलं पुढं येतो, आणि तेवढ्यात त्याचं जे खासगी असतं ते सगळ्यांचं होतं. योहान मुळात अबोल. पण त्या दिवशी त्याला शब्द आयते मिळाले. "मागून कंटेनर आला. बसचा मागचा भाग डब्यासारखा चेपला. माझ्या शेजारच्या माणसाचं हाड मोडलं. आणि मला बघा. एक ओरखडासुद्धा नाही. प्रभूनं मला तळहातावर झेललं." त्यानं दोन्ही हात वर केले. तीनशे माणसं "आमेन" म्हणाली. मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्या डोळे पुसत होत्या. मोनिका मोबाइल धरून उभी होती, तिचेही डोळे वाहत होते, म्हणून व्हिडिओ जरासा हललेला आहे. मग तो तबल्यावर जाऊन बसला आणि पद सुरू झालं. संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ मंडळीच्या ग्रुपवरून राहुरीला गेला, श्रीरामपूरला गेला, पुण्याच्या मामेसासऱ्यांनी फोन करून "धन्य आहेस" म्हटलं.

आता सांगा, अशा माणसानं आठ दिवसांनी दवाखान्यात कसं जायचं? पहिल्यांदा खांद्यातून मुंग्या आल्या तेव्हा तो कूस बदलून झोपला. मग कारखान्यात मापाचं यंत्र हातातून सुटलं, साहेब म्हणाले, "काय उजागरे, लक्ष कुठंय?" मग शर्टाच्या उजव्या बाहीचं बटण लागेना, तर तो बाही दुमडून जायला लागला. थंडीच्या दिवसांत. प्रत्येक वेळी मनात एकच यायचं: मी दोन्ही हात वर केले होते. तळहातावर झेललं म्हणालो होतो. नंबर लावून डॉक्टरपुढं बसायचं आणि म्हणायचं, की नाही, थोडंसं निसटलं? बोललेला शब्द असता तर फिरवताही आला असता. साक्ष दिलेली असते. दिलेलं मागं कसं घ्यायचं, आणि कुणाकडून? म्हणून तो हाताची तक्रार आली की तिला दटावून बसवत होता. घरात पाहुणे असताना लेकरू रडायला लागलं तर आई कोपऱ्यात नेऊन त्याचं तोंड दाबते, तसं. त्या लेकराला दुखतंय, हे त्या आईलाही माहीत असतं.

पेल्यानं बोटं भाजली त्याच आठवड्यात कंटेनरच्या मालकाचा माणूस घरी आला. बोलायला गोड, पायातले बूट दारातच काढले, भिंतीवरच्या क्रूसाला मान लववली. "दादा, तुमचा व्हिडिओ पाहिला आम्ही. अंगावर काटा आला," म्हणाला. मग पिशवीतून कागद काढला. टाइप केलेलं होतं: सदर अपघातात मला कोणतीही इजा झालेली नाही, माझी कुणाविरुद्ध काही तक्रार नाही व पुढेही राहणार नाही. "तुम्ही जे म्हणालात तेच आहे बघा. बाकीच्यांनी केल्यात सह्या." योहाननं पेन घेतलं. कागद वाचताना त्याला खरोखर असं वाटलं, की हा आपलाच कागद आहे, आपणच मंडळीत उभं राहून लिहून दिलेला; फक्त खाली सही राहिली होती. पेन कागदाला टेकणार एवढ्यात फोन वाजला. आसाराम. खांद्याला पट्टा बांधून पारनेर तालुक्यातल्या आपल्या गावी पडून होता आणि दिवसातून चार वेळा फोन करून सगळ्यांचं डोकं खात होता. "योहान्या, कंटेनरवाल्याचा मानूस हिंडतोय म्हनं नगरात. आला का तुझ्याकडं?" "समोरच आहे." "सही केली का?" "करतोय. अरे, मला काही झालंच नाही, मग..." "आरं थांब येड्या! हात कसाय तुझा? परवा बोलता बोलता दोनदा फोन सुटला तुझ्या हातातनं, मला काय कळत न्हाई व्हय?" योहाननं समोरच्या कागदाकडं पाहिलं. "तू म्हनतो देवानं राखलं. मान्य हाय मला. पर देवानं तुला राखलंय, कंटेनरवाल्याला राखतो असं कुठं म्हनलाय त्यो? तू कशाला त्याचं वकीलपत्र घेतो फुकट?" समोरचा माणूस हसऱ्या चेहऱ्यानं वाट बघत होता. योहाननं पेन ठेवलं. "प्रार्थना करून कळवतो," म्हणाला. त्या माणसाला कागद पिशवीत घालावा लागला. आल्यापासून तोच देवाच्या वाटेनं चालला होता. तो गेल्यावर मोनिका दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. "हात दाखवा," ती म्हणाली. त्यानं उजवा पुढं केला. "दुसरा." मग तिनं केसांतली पिन काढली, त्याचे डोळे आपल्या ओढणीनं झाकले, आणि एकेका बोटाला टोचत गेली. "लागलं?" "हो." "लागलं?" "हो." "लागलं?" तो थांबला. ओढणीच्या आत अंधार होता आणि त्या अंधारात दोन बोटं हरवली होती. "टोचलंस का?" त्यानं विचारलं. तिच्या नाकातून पाणी ओढल्याचा आवाज तेवढा आला.

आसारामचीच वकीलबाई. ॲडव्होकेट दिपाली ठुबे, जुन्या कोर्टाच्या मागं जिन्याखालच्या खोलीत बसायची. वय पस्तिशीचं, टेबलावर फायलींच्या ढिगात उघडलेला डबा, एका हातानं भाकरी मोडत तिनं सगळं ऐकून घेतलं. मग डबा बंद केला. "आधी इथून उठा आणि दवाखान्यात जा. वकील नंतर. डॉक्टरांना अपघाताची तारीख सांगा, पहिल्या दिवसापासून काय-काय होत गेलं ते सांगा, आणि त्यांनी ते लिहून घेतलंय का ते बघूनच उठा. एक वही करा. रोज संध्याकाळी हात काय करू शकला नाही ते दोन ओळीत लिहा. वाढवून नाही, कमी करूनही नाही. कुणाच्याही कागदावर सही करायची नाही. अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांच्या आत आपला दावा न्यायाधिकरणात गेला पाहिजे. आता एक होऊन गेला." मग चष्मा वर सारून म्हणाली, "असं होतं हो. मानेची इजा पुष्कळदा मागाहूनच डोकं वर काढते. कोर्टाला ते माहीत आहे. पण कोर्ट एक विचारतं, की हात बधिर होत होता तर तीन आठवडे तुम्ही गप्प का बसलात?" योहान टेबलाच्या कडेकडं बघत म्हणाला, "साक्ष दिली होती." तो वाट बघत होता, की आता ही हसेल. ती हसली नाही. तिनं पॅडवर लिहून घेतलं, आणि विचारलं, "म्हणजे गेलात तर देव खोटा पडेल असं वाटलं?" इतक्या दिवसांत ही गोष्ट कुणी शब्दांत धरली नव्हती, त्यानं स्वतःसुद्धा. परक्या धर्माच्या, परक्या बाईनं भाकरीचा हात पुसत पुसत ती उचलून समोर ठेवली. त्याला तिच्याविषयी जो आदर वाटला तो पुढं कायम राहिला. "व्हिडिओ आहे का त्याचा?" "आहे. पुसून टाकतो." "अजिबात नाही," ती एकदम कडक झाली. "दुसऱ्यांच्या फोनमध्ये तो आहेच. तुम्ही पुसलात तर लपवलं असं होईल. आहे ते असू द्या. आपण बघू."

मोठ्या यंत्रात झोपवून फोटो काढले. मानेच्या खालच्या मणक्यांमधली गादी सरकून नसेवर आली होती. डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं तेव्हा योहानला त्या करड्या चित्रात नस दिसली नाही, दिसली ती जागा. हरभऱ्याएवढी. माणसाचा सगळा हुंकार एवढ्याशा जागेतून जातो होय, असं त्याच्या मनात आलं. ऑपरेशन लागेल, हात किती परत येईल ते सांगता येत नाही. हाताशिवाय मापं तपासायच्या खात्यात कुणी ठेवत नाही, हे न सांगताच कळण्यासारखं होतं. दावा बुडाला तर ऑपरेशन बुडालं, ऑपरेशन बुडालं तर नोकरी. ही सरळ रेघ मोनिकानं मनातल्या मनात त्याच्याही आधी ओढली होती. घरी आल्यावर तो म्हणाला, "पुसून टाक तो व्हिडिओ." "वकीलबाई नको म्हणाल्या ना?" "त्या नको म्हणू देत. मला तो नकोय. मी बघू शकत नाही तो." मोनिकानं अंगठा पडद्यावर नेला, आणि त्याच वेळी खाली रिक्षाचा आवाज झाला. मरिया आत्या. एसटीनं आली होती, पिशवीत शेवग्याच्या शेंगा, काखेत चिपळ्यांची थैली. मोनिकानं फोनवर सगळं सांगितलेलं होतं. आत्यानं पाणी घेतलं नाही, बसली नाही. "सूनबाई, काय पुसती गं?" मोनिकानं सांगितलं. आत्या भिंतीला पाठ लावून खाली बसली, डोळे मिटले. "लाव. मला ऐकू दे."

योहान खिडकीकडं तोंड करून उभा राहिला. आपला आवाज त्याला पाठीवर आपटल्यासारखा वाटला. एक ओरखडासुद्धा नाही. आमेन. मोनिका बंद करायला गेली तर आत्या म्हणाली, "न्हाई, पद चालू दे." पद सुरू झालं. आत्याचं स्वतःचं केलेलं, 'तूच धरिले बोट धन्या, तूच सोडवी गाठ'. चिपळ्या, पेटी, तबला. आत्याची बोटं मांडीवर ठेका धरत होती. मधेच ती थांबली. "मागं घे." मोनिकानं घेतलं. "आता ऐक. धन्या म्हनते तवा समेवर कोन येतंय?" योहान वळला. "उजवाच येतोय," आत्या म्हणाली, "डावा कुठं हाय? पुन्हा घे. हितं बी न्हाई. हितं आला, पर नुसता टपली मारल्यावानी, घुमला न्हाई." मग तिनं नाताळातल्या कीर्तनाचा व्हिडिओ लावायला सांगितला. अपघाताच्या तीन आठवडे आधीचा. तेच पद. आणि त्यात तो होता, तो खोल, ओला, सरकता आवाज, जो योहानला इतकी वर्षं आपला वाटत होता आणि कधी गेला ते कळलंही नव्हतं. पुन्हा साक्षीचा रविवार. नाही. पुन्हा नाताळ. आहे. "मला त्या रविवारीच ऐकू आलं हुतं," आत्या सावकाश म्हणाली. "मी म्हनलं, लेकराचं मन भरून आलंय, हात ढिला पडला असंल. पन्नास वर्सं कान तयार केला, आनि कानानं सांगितलं ते मी ऐकलं न्हाई. वर तुला उठवला. 'साक्ष दे' म्हनले. पाच दिसांत काय कळतंय मानसाला? माझी चूक हाय ती, योहाना. तुझ्या तोंडानं तू बोलत हुता ते तुला म्हाईत हुतं तेवढंच. तुझा हात त्याच घडीला खरं काय ते सांगत हुता. मंडळीसमोर. आनि हे पुसायला निघालास व्हय रं?" योहान तिच्याजवळ खाली बसला. ती त्याचा डावा हात आपल्या मांडीवर घेऊन चोळत राहिली. त्याला फक्त तिचं चोळणं दिसत होतं, आणि करंगळीला थोडं लागत होतं.

पुढच्या कीर्तनाला आत्यानं तबल्यावर दुसऱ्या गावचा माणूस बसवला आणि योहानला पहिल्या बाकावर. लोक कुजबुजले. पूर्वरंगात तिनं तोच जुना प्रश्न मांडला, देव राखतो तर घाव का लागतात, आणि उत्तररंगाला कथा लावली ती पुनरुत्थानाची. "मरनातून उठलाय धनी," ती चिपळ्या छातीशी धरून म्हणाली. "ज्यानं मरन झटकलं त्याला हातावरच्या दोन खुना झटकता आल्या नसत्या का? पर न्हाई झटकल्या! शिष्यापुढं हात केला. बघ म्हनला. बोट घाल म्हनला. मी जित्ता हाय हे बी खरं, आनि मला लागलंय हे बी खरं. मंडळी, आपन लई लबाड. आपन देवाला निम्मीच साक्ष देतो, ग्वाड-ग्वाड." इतक्या वर्षांत योहाननं तिची किती कीर्तनं ऐकली, किती वाजवली, पण बाकावर बसून ऐकलेलं हे पहिलं. तबल्यामागून फक्त तिची पाठ दिसायची. आज तिचा चेहरा दिसत होता, घामानं चमकणारा, आणि एवढी मोठी बाई तीनशे माणसांपुढं आपलीच चूक निस्तरतेय हे त्या कथेत त्याच्याशिवाय कुणाला कळत नव्हतं. तिनं हाक मारायच्या आधीच तो उठला. "मागच्या वेळी मी म्हणालो, काही लागलं नाही," तो म्हणाला. "लागलंय. मला कळलं नव्हतं." आणि हात पुढं केला. ह्या वेळी आमेन कुणी म्हणालं नाही. पण म्हाताऱ्या येऊन एकेक करून त्याचा हात धरून गेल्या. त्या दिवशी वहीत त्यानं लिहिलं: आज हाताला बारा जणींनी धरलं, चार जणींचं कळलं.

दावा मुदतीत गेला. ऑपरेशन मोनिकाच्या भावानं हात दिला म्हणून झालं; मुंग्या थांबल्या, बोटं तशीच राहिली. कारखान्यात त्याला स्टोअरमध्ये बसवलं. साक्षीपुराव्याला उभं राहायला पुढल्या वर्षीचा दिवाळीनंतरचा महिना उजाडला. निकाल त्याच्याही पुढं पाच महिन्यांनी लागला, त्याच्या बाजूनं, उशिरा दवाखान्यात गेल्याबद्दल दोन शब्द सुनावून. पण योहानला विचाराल तर तो सांगतो, की निकाल कोर्टातल्या साक्षीच्या दिवशीच लागला. आधी आत्या पिंजऱ्यात गेली. कंटेनरच्या विमा कंपनीचे वकील पिकल्या केसांचे, नम्र. "आजी, तुम्ही डॉक्टर आहात का?" "न्हाई बाबा. कीर्तन करते." "मग ह्यांच्या हाताला इजा होती हे तुम्हाला कसं कळलं?" "इजा न्हाई कळली. डग्गा गळाला ते कळलं. इजा डाक्तरनं सांगितली. ज्यानं त्यानं आपलं सांगावं." न्यायाधीशबाईंनी मान खाली घातली, बहुतेक हसू लपवायला. "तुमचा भाचा आहे. तुम्ही त्याच्याच बाजूनं बोलणार." "त्याच्या बाजूनं बोलायचं असतं तर, त्याला साक्ष द्यायला मीच उठवला, असं कशाला सांगितलं असतं? ती चूक माझी. ती बी लिवा." आणि मग ती टायपिस्टकडं बघत उभी राहिली, ते लिहून होईपर्यंत. लिहिल्याशिवाय हलली नाही.

मग योहान. दिपालीबाईंनी त्याला चार दिवस तयार केलं होतं: विचारलं तेवढंच सांगायचं, घाबरायचं नाही. वकिलांनी पडद्यावर व्हिडिओ लावला. कोर्टाच्या त्या करड्या खोलीत, पंख्याच्या घरघरीत, तो दोन्ही हात वर करून उभा होता. "हे तुम्हीच?" "हो." "एक ओरखडासुद्धा नाही, असं म्हणालात?" "म्हणालो." "देवासमोर, देवळात म्हणालात." "हो." "उजागरे, मग एकच सांगा. तेव्हा देवासमोर खोटं बोललात, की आज कोर्टासमोर बोलताय?" दिपालीबाई उठू लागल्या, तर न्यायाधीशबाईंनी त्यांना हातानं थांबवलं. पावणेदोन वर्षं ह्याच प्रश्नाला योहान भीत आला होता; बसमध्ये, यंत्राच्या पोटात झोपलेला असताना, पेला उचलताना. वाटायचं, की तो विचारला गेला की दोन्हींतलं एक मरेल, आणि कुठलंही मेलं तरी आपलंच मढं निघेल. आणि आता प्रश्न समोर उभा होता, तर तो नुसता एक प्रश्न होता. पिकल्या केसांच्या माणसानं विचारलेला, ज्याचा चहा व्हायचा होता. योहाननं मागं बाकाकडं पाहिलं. आत्या डोळे मिटून बसली होती. त्याला वाटलं, ही ऐकतेय. उजव्याचे बोल नाही, डाव्याचा हुंकार ऐकतेय.

"दोन्ही खरं आहे साहेब," तो म्हणाला. "देवानं मला वाचवलं, ते मी तेव्हा सांगितलं आणि आजही सांगतो, ते मागं घेत नाही. काही लागलं नाही, हे मी माहीत नसताना बोललो. तेवढं माझं चुकलं. नंतर कळलं तरी तीन आठवडे लाजेनं गप्प बसलो, तेही चुकलं. हात गेला, हे खरं. दोन्ही लिहून घ्या."

वकील कागद उलटून खाली बसले. न्यायाधीशबाई टायपिस्टला वाक्य सांगू लागल्या, सावकाश, एकेक शब्द तोडून. देवाने मला वाचवले हे खरे आहे. मला इजा झाली हे खरे आहे. बटणं वाजत होती. ज्या दोन गोष्टी त्याच्या छातीत एकमेकींना धक्के मारत आल्या होत्या त्या सरकारी कागदावर एकीखाली एक गेल्या, आणि कागदाला त्याचं काहीच वाटलं नाही. कारकुनानं छापून आणलेलं पान पिंजऱ्याच्या कठड्यावर ठेवलं. "वाचा, आणि बरोबर असेल तर सही करा." योहाननं वाचलं. पंख्याच्या वाऱ्यानं पान उडू बघत होतं, म्हणून त्यानं डावा पंजा त्याच्यावर ठेवला. त्या दोन बोटांना कागद लागत नव्हता. पण कागद हलला नाही. उजव्या हातानं त्यानं सही केली.